सही माझीच आहे

आई दवाखान्यात पडून होती तेव्हा मामाने तिचं शिवणाचं दुकान लाटलं. सख्ख्या भावाने. "ताई, ऑपरेशनचा कागद आहे," म्हणत त्याने दुकानाच्या कागदावर तिची सही घेतली होती.

वकीलबाई आईला इंग्रजी शब्द समजावत होत्या. दुसऱ्याची सही ठोकली तर फोर्जरी. दुसराच माणूस असल्याचं सोंग घेतलं तर इम्पर्सोनेशन. थाप मारून सही घेतली तर चीटिंग. मी थक्क झाले. हरामखोरीच्या इतक्या जाती, आणि कुणीतरी बसून प्रत्येकीचं बारसं केलं होतं. आम्ही नुसतंच 'फसवलं, फसवलं' करत रडत होतो.

"फोर्जरी लावू," वकीलबाई म्हणाल्या. "सही माझी नाही, एवढंच म्हणा. दुकान लगेच मिळेल. चीटिंग सिद्ध करताना जीव जाईल."

आई कापड बेतताना थांबते तशी थांबली.

"सही माझीच आहे, बाई. ती माझी नाही म्हटलं, तर त्याला कोणता शब्द आहे?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग चीटिंगच लिहा," आई म्हणाली. "जीव जाऊ दे. दुकान आज ना उद्या येईल."