दिल्लीसाठी दहा संडास

पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भिवंडीत भरवायचं, हे खूळ १९९१ साली आमच्या यजमानांच्या डोक्यात शिरलं. पंढरी पाटील, मुक्काम कोन, पक्षाचे तालुका अध्यक्ष. इंदूर की भिवंडी, असा दिल्लीत विचार चालला होता. अध्यक्षांचं म्हणणं, भिवंडीत घरोघर लूम आहेत, मांडवाला लागेल तेवढं कापड कारखानदार फुकट देतील, आणि मैदान म्हणून कल्याण रस्त्याजवळचं आमचं भाताचं शेत आहेच. मी त्यांची बायको, कौसल्या. मला कुणी विचारलं नाही, पाहुण्यांचं जेवण मात्र मीच रांधलं.

दिवाळीनंतर जागा पाहायला दिल्लीहून तिघं आले, दोन बाप्ये आणि एक बाई. बाप्ये तळलेल्या बोंबलांवरच खूश. बाईने फाइल उघडून एकच गोष्ट विचारली, सकाळी चाळीस हजार माणसं जाणार कुठे? अध्यक्षांनी ऐटीत हात लांब करून खाडीपर्यंतचं सगळं शिवार दाखवलं. बाईने फाइल मिटली.

त्या फाइलीने जे केलं ते मला सोळा वर्षांत जमलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या माणसाकडे एक संडास मागत होते. उजाडायच्या आत जाऊन यायचं, नाहीतर दिवसभर पोट धरून बसायचं. पोरगी शहाणी झाली तेव्हा तर मी रडून मागितला. दरवेळी उत्तर तेच, एवढं शिवार पडलंय की. आणि आता दिल्लीकरांना नमुना दाखवायचा म्हणून पंधरा दिवसांत शेताच्या कडेला दहा पक्के संडास उभे राहिले. पत्र्याची दारं, आतून कडी. माझं डोकंच फिरलं. पण खरं सांगते, आनंदही झाला, निदान मागाहून तरी आपल्याला मिळतील.

जेवताना अध्यक्षांनी तोही घास काढून घेतला. अधिवेशन झालं की संडास पाडायचे होते. अधिवेशनामुळे शेतापर्यंत रस्ता होणार आणि मग तिथे गोडाऊन उभं राहणार, व्यापाऱ्याशी बोलणंसुद्धा झालं होतं.

दिल्लीची बाई दुसऱ्यांदा एकटीच आली. संडास बघून तिने मान डोलावली, मग मला बाजूला घेऊन पाण्याची सोय पक्की आहे ना म्हणून विचारलं. वरची टाकी त्याच सकाळी टँकरने भरली होती, नळाचा पत्ता नव्हता. हो म्हणायचं, असं मला पढवून ठेवलं होतं.

"पानी आज का है, बाई," मी म्हटलं. "कल का नहीं."

अधिवेशन इंदूरला गेलं.

चुगली कोणी केली म्हणून अध्यक्ष दोन दिवस घरात आदळआपट करत होते. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापता थापता सांगून टाकलं, मीच सांगितलं. भाकरी मात्र फाटू दिली नाही. ते म्हणाले, उद्याच्या उद्या दहाच्या दहा पाडतो.

सकाळी ते चार गडी आणि पहारी घेऊन आले, तेव्हा दहाही दारांना आतून कड्या होत्या. एकात मी, शेजारच्यात गुणाबाई, ती तर आत बसून निवांत मिश्री लावत होती. उरलेल्या आठांत आणखी आठजणी, आणि गावातल्या बाकीच्या बाया आपापले डबे घेऊन बांधावर रांगेत. टाकी कोरडी पडली होती, पण आमचं काय अडणार, आम्ही जन्मभर पाणी हातात घेऊनच गेलो.

अध्यक्ष आधी ओरडले, मग समजावू लागले. गडी विड्या ओढत बसले. अकराच्या सुमारास बाहेरचा आवाज एकदम बंद झाला. फटीतून पाहिलं तर अध्यक्ष पोट आवळून उभे. संडास पाडायच्या घाईत त्यांचं सकाळचं राहून गेलं होतं. भात कापून झालेलं, शेत बोडकं, लख्ख ऊन, आणि समोर वीस बायका. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू.

माझ्या दारावर थाप पडली.

"कौसल्या, उघड गो."

"पाडनार का?"



"न्हाय पाडत."

"सगल्यांना आयकू द्या."

त्यांनी बांधाकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं. तेव्हा मी कडी काढून बाहेर आले आणि माझा पाण्याचा डबा त्यांच्या हातात दिला.