तारखेची जागा कोरी

मी एक बातमी बोलतेय. कागदावरची नव्हे; कागदावरच्या बहिणींचं आयुष्य दुसऱ्या दिवशी भजी बांधण्यापुरतं. मी शिशाची आहे. जालन्याच्या एका लहानशा छापखान्यात सुटे खिळे अक्षराला अक्षर लावून जुळवले, सुतळीनं आवळले, आणि माझा जन्म झाला.

खरं तर छापून झालं की खिळे परत आपापल्या खणात जातात. पण माझं काम वरचेवर पडायचं, म्हणून मला तशीच बांधून ठेवत. आमचं साप्ताहिक चार पानांचं. निजामाच्या राज्यात राजकारणावर अक्षर छापायचं म्हणजे आफत, म्हणून मालक बद्रीनाथ सरकीचे भाव छापत, लग्नं छापत आणि आगगाडीवर कसरती करून मेलेली माणसं छापत. या तिन्हींना कोणाची हरकत नसे.

माझा मजकूर असा: ‘ता. अमुक रोजी परतूरनजीक रामराव नावाचा होतकरू तरुण धावत्या गाडीच्या टपावर चढण्याचे अविचारी धाडस करीत असता खाली पडून जागीच गतप्राण झाला. सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे.’ पुढच्या खेपेला तारीख, गाव, नाव आणि फार तर कसरत बदलायची. बाकी मी तीच. नातवंडं असलेले एक आजोबा पैजेपायी गेले, तेही माझ्यात होतकरू तरुणच झाले. एक जण दवाखान्यात चार दिवस काढून गेला, तोही जागीच गतप्राण. त्याची म्हातारी आई छापखान्यात आली आणि तिनं विचारलं, चार दिवस मी त्याला चमच्यानं पाणी पाजलं ते कुठं गेलं? मी शिशाची, तरी मला लाज वाटली.

हे बदल करायचा कडूबा, आमचा खिळे जुळवणारा. बोटं चपळ, डोकं मोकळं. खिळे उलटे असतात, एकेक उचलून लावावे लागतात. त्यामुळे त्याला अक्षरं दिसत, अर्थ दिसत नसे. एकदा त्यानं सख्ख्या मेहुणीची लग्नपत्रिका जुळवली आणि वर मालकांना विचारलं, लग्न कोणाचं आहे?

कडूबा रोज बदनापूरहून सकाळच्या गाडीनं येई. छापखाना फाटकापाशी आणि स्टेशन चांगलं मैलभर पुढं. एवढं उलटं कोण चालणार? फाटकाशी गाडी जरा मंदावली की हा भाकरीचं फडकं दातात धरून, एका हातानं फाटकवाल्या कचरूला सलाम ठोकत उडी मारायचा. कचरू मांडीवर थाप मारून दाद द्यायचा.

त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, सगळे उपाय करून पाहिले. राजूरच्या गणपतीला नवस बोलली, आठवडाभर अळणी कालवण वाढलं, अबोला धरला. कडूबाचं उत्तर ठरलेलं. म्हणायचा, “मरतेत ते समदे होतकरू असतेत. म्या सोत्ता जुळवलंय. मी कुठं होतकरू हाये?”

मग एका गुरुवारी ती बाजाराला म्हणून त्याच गाडीनं आली. बायकांच्या डब्यातून तिनं डोकं बाहेर काढलं आणि पाहिलं. त्या दिवशी नेमका त्याचा पाय सटकला. वहाण चाकाखाली गेली, पाय बोटभर अंतरानं वाचला. आणि हा पठ्ठ्या धूळ झटकून उठला आणि हसत सलाम करता झाला.

चतुराबाई स्टेशनावरून तडक छापखान्यात आली. कडूबा वहाणा आणायला गेला होता. ती मालकांना म्हणाली, “ह्यांची बातमी छापून ठेवा. आज ना उद्या लागनारच हाये. पन होतकरू लिहू नका, मालक. हट्टी लिहा. आन बायकोनं सांगितलं व्हतं, हे बराबर लिहा.” तिचा आवाज ठाम होता, पदर मात्र हातात चोळामोळा झाला होता. मालकांनी टाक उचलून तसा मजकूर कागदावर उतरवला.

कडूबा नव्या वहाणा करकरवत आला आणि कामाला बसला. माझ्यातून ‘होतकरू’ काढताना त्याला जरा नवल वाटलं. नाव लावताना तो चुकचुकलासुद्धा, कोण कडूबा आहे बिचारा म्हणून. आमच्याकडं ढेकूळ फेकलं तर कुठल्या तरी कडूबाला लागतं, तेव्हा त्यानं फार मनावर घेतलं नाही. तारखेचा आकडा कागदावर नव्हता, म्हणून तिथं शिशाचा कोरा, ठेंगणा तुकडा बसवला.

कच्ची प्रत मोठ्यानं वाचून दाखवायची, ही छापखान्याची रीत. कडूबानं सूर लावला: “बदनापूरचा कडूबा नावाचा हट्टी इसम, पत्नीने वारंवार बजावले असताही, दातांत भाकरीचे फडके धरून धावत्या गाडीतून...”

तिथं सूर तुटला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी मनात आणि बोट ठेवून. दाराशी चतुराबाई उभी होती. त्यानं बोट तारखेच्या कोऱ्या जागेवर नेलं.

“मालक, तारीख टाकायची राह्यली.”

“ती तुझी तू टाक,” मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कचरू फाटकाशी हात कपाळाशी नेऊन उभा राहिला आणि गाडी तशीच निघून गेली. कडूबा स्टेशनावर उतरला आणि मैलभर परत मागं चालत, उशिरा आला.

याला दहा वर्षं झाली. माझी सुतळी कोणी सोडली नाही, मला कोणी छापलंही नाही. फळीवर धूळ खात पडून आहे. गुरुवारी बाजार उरकला की चतुराबाई येते. तिला वाचता येत नाही. ती माझ्यावरून बोट फिरवते. बोट त्या ठेंगण्या तुकड्याशी खाली गेलं, तारीख अजून कोरीच आहे हे कळलं, की हुश्श करते आणि भाजीची पिशवी उचलते.

छापलं जावं असं प्रत्येक बातमीला वाटतं, मलाही वाटायचं. आता मात्र गाडीच्या दांडीला लटकणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एकच विनवणी आहे. मला अशीच बेकार पडून राहू द्या. तिचं बोट यायची वेळ झाली.