मुत्तीचा न मोडणारा विक्रम

आंकेनं कॉफीच्या कपात चमचा फिरवला. टीव्हीचा आवाज तिच्या आईनं, मुत्तीनं, मुद्दाम बंद केला होता. धावण्याची शर्यत सुरू व्हायची होती, आणि तोवर रोझविता हे मुत्तीचं खरं नाव समालोचक उगाळत बसणार. त्या अंतराचा जागतिक विक्रम अजून तिच्याच नावावर होता; तो झाला तेव्हा नकाशावर पूर्व जर्मनी नावाचा देश होता. आज एक नवी मुलगी म्हणे तो मोडणार होती.

"आवाज वाढव की गं," आंके म्हणाली.

"कशाला? विक्रम खरा का, म्हणून विचारतील. आधी पळून दाखवा म्हणावं."

"मलाही तेच विचारायचंय."

"केक खा. आयरशेके तुझ्यासाठीच केलाय."

हे नेहमीचंच. आंके जन्मली ती डावं पाऊल आत वळलेलं घेऊन. का, असं विचारलं की मुत्ती म्हणायची, नशीब. पण मुत्तीबरोबर पळणाऱ्या दोघींची मुलंही अधूच निघाली, तेव्हापासून आंकेच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. थेआ जन्मली तेव्हा तिनं लेकीचा चेहरा नंतर पाहिला, आधी पावलं चाचपली.

थेआ खोकत आत आली आणि थेट ओमाकडं, आजीकडं गेली. मुत्तीनं जीवनसत्त्वाची गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"माझ्यासमोर गिळ. हं, तोंड उघड. जीभ वर कर बघू."

हनुवटी धरून तिनं आत नीट वाकून पाहिलं. आंकेचा घास तोंडातच राहिला.

"असं कोण बघतं, मुत्ती?"

"आमचे ट्रेनर बघायचे," मुत्ती बोलून गेली. मग हळूच म्हणाली, "त्यांच्या गोळ्या निळ्या असायच्या. घरी नेऊ द्यायचे नाहीत. जीवनसत्त्वं म्हणायचे."

"आणि तुला ते पटलं?"

"आवाज पुरुषासारखा झाला, तोवर पटत होतं."

"मी पोटात होते तेव्हा?"

मुत्तीनं टेबलावरचा केकचा चुरा बोटानं गोळा केला. "दिवस गेलेत हे उशिरा कळलं गं. तोवर त्या गोळ्या रोज घेत होते."

पडद्यावर मुली सुटल्या होत्या. ती नवी मुलगी केव्हाच पुढं निघाली. शेवटच्या वळणावर मुत्ती खुर्चीतून अर्धी उठली, तिचे ओठ हलले. "मोड, पोरी. मोड एकदाचा."

मुलगी पहिली आली, पण विक्रम थोडक्यात मोडायचा राहिला. मुत्ती मटकन बसली आणि तिनं तोंडावर हात घेतले. खरंच हळहळली, की मनातून सुखावली? आंके तिच्या बोटांच्या फटींतून तिचे डोळे शोधत राहिली. इतक्या वर्षांनी तिला आईचं रडणंसुद्धा खरं धरवेना.

थेआ येऊन आंकेला बिलगली.

"आई, पहिला नंबर तर अजून ओमाचाच आहे ना? मग ओमा का रडते?"