नाकवालीची खुर्ची

आमच्या कारखान्यात जुन्या प्लास्टिकचे ढीग येतात: बाटल्या, पाइप, मोडके टब, वायरींची सालं. वितळवण्याआधी प्रत्येकाची जात ओळखावी लागते. तुकडा चिमट्यात धरायचा, बर्नरवर पेटवायचा, फुंकर मारून विझवायचा आणि धूर हुंगायचा. मेणबत्तीचा वास आला तर एका पिंपात, केस जळल्यासारखा आला तर दुसऱ्यात. पीव्हीसीचा धूर झोंबतो. तो तुकडा भलत्या पिंपात गेला की अख्खा माल बाद. हे काम जी करते तिला सगळे नाकवाली म्हणतात. तिला खुर्ची मिळते, बाकीच्या बायका जमिनीवर.

वर्षानुवर्षं नाकवाली मीच होते. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, माझी जाऊ कामाला आली आणि तिनं माझ्या कामात नाक खुपसलं, तेही अगदी खरंखुरं. मी दोनदा पेटवून हुंगायचे तो तुकडा ती लांबूनच ओळखायची. एकदा मी पीव्हीसी चुकीच्या पिंपात टाकलं. शेठनं सगळ्यांदेखत मला खाली बसवलं आणि तिला वर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डॉक्टरीणबाईंनी मला आधीच सांगितलं होतं, की नाक गेलंय आणि छातीही घरघरतेय. दिवसभर प्लास्टिकचा धूर, घरी नवऱ्याच्या सिगारेटचा. दोन्ही विषच, म्हणाल्या. नवऱ्याला मी ते दहादा ऐकवलं. खोकून खोकून माझा जीव जायचा, पण हा बाबा जागचा हलला नाही.

त्या संध्याकाळी त्यानं जेवल्यावर सिगारेट पेटवली आणि धाकटी जाऊ तोंड दाबून मोरीकडे पळाली. ती ओकून परत आली तर नवरा निमूट उठलेला, बाहेर जाऊन ओढतोय. माझ्यासाठी जे कधी केलं नाही, ते हिच्या एका उलटीवर! मला अशा मिरच्या झोंबल्या की भांडी आपटताना कपाचा कान तुटला.

सकाळी ती दुधाच्या वासानंही ओकली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला दिवस गेले होते तेव्हा माझंही नाक असंच तिखट झालं होतं. शेठनं तेव्हाच मला खुर्ची दिली होती. ते मूल राहिलं नाही. कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. ती लाजली; म्हणाली, हो, पण एवढ्यात कुणाला सांगू नका.

"मग त्या खुर्चीतून ऊठ," मी म्हटलं. "तो धूर पोटातल्याला बाधेल."

"जाऊबाई, तुम्हाला खुर्ची परत हवीय म्हणून म्हणताय ना?"

"हवीच आहे. तुझ्या नाकावर जळते मी, आणि आता तुझ्या पोटावरही जळते. तरी ऊठ."

 तिनं चिमटा माझ्या हातात दिला.

शेठला मी थाप मारली, की औषधानं नाक सुधारलंय. धाकटीला त्यानं पलीकडच्या शेडमध्ये झाकणं वेगळी करायला बसवलं. मी ऐटीत खुर्चीत बसले, पहिला तुकडा पेटवला आणि हुंगला. काही नाही. अगदी तोंडाजवळ नेला, खोल श्वास घेतला. तरी काही नाही. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि घसा आवळला, तेव्हा कळलं की पीव्हीसी आहे.

"जाऊबाई, पीव्हीसी आहे ते," पलीकडच्या शेडमधून धाकटी म्हणाली.

एवढ्या लांबून! माझ्या पोटात पुन्हा दुखलं. पण म्हणजे धूर तिथवर पोचत होता. मी उठले, दोन शेडमधलं दार घट्ट लावून घेतलं, आणि परत येऊन पुढचा तुकडा पेटवला.