वाकड्या घरातली पाचर

सहा वर्षांपूर्वी लेकीने बसवलेला एक दरवाजा मी तिला न सांगता उतरवला आणि पुन्हा बसवला. केसभर तिरका होता. गिऱ्हाइकाला कळलाही नसता, पण मला दिसला, म्हणजे विषय संपला. दुसऱ्या दिवशी तिने आपला रंधा माझ्या बाकावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, या कारखान्यात तुमचाच हात चालणार. माझा नाही." त्यानंतर ती घरी जेवायला यायची, आईशी गप्पा मारायची, पण कामाबद्दल माझ्याजवळ अवाक्षर काढत नव्हती.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. एका जुन्या गोदामात तिने लाकडाचं घर उभारलं होतं, माणसांनी एकेकट्याने आतून चालत जावं म्हणून. कला म्हणे.

"लोकांसाठी उघडायच्या आधी तुम्ही बघून जा," ती म्हणाली. "फक्त चालायचं. काही दुरुस्त केलंत तर पुन्हा कधी बोलावणार नाही."

निघताना आमच्या हिने बजावलं, "हात खिशात ठेवा. जित्याची खोड तुमची."

पहिली खोली साधी होती. टेबल, दोन खुर्च्या, खिडकी. दुसरीही तीच, फक्त बोटभर कललेली. भिंत, खिडकी, टेबलाचे पाय, सगळं एकाच मापाने कललेलं, आणि सांध्यात कागदही शिरणार नाही. सरळ काम काय, हातात काटकोन तपासायचा गुण्या असला की कुणीही करतं. इतकं काटेकोर वाकडं करायला काय डोकं लागलं असेल! छाती फुगली माझी. थोडा रागही आला, कारण हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.

तिसऱ्या खोलीत पाऊल टाकलं आणि मागचं दार आपोआप मिटायला लागलं. आपोआप मिटणारं दार म्हणजे सुताराची अब्रू गेली. बिजागरी चुकली, दुसरं काय? लोक हसतील पोरीला. माझ्या खिशात पाचर असतेच. वाकलो आणि दाराखाली ठोकून दिली. मग ऐटीत खोली बघितली. कललेल्या फळ्या, एक दिवा, बाकी काही नाही. एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

तेवढ्यात चौकटीत एक बारीक बटण दिसलं. दार पूर्ण मिटलं की दबणारं.

दार मिटायचंच होतं. पोरीने सहा वर्षांनी एकदा बोलावलं आणि मी पुन्हा तेच करून ठेवलं. तसाच पुढे निघून गेलो असतो, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मग तिचं घर मी बघितलंच नसतं. गुडघे टेकून पाचर उपसली. दार धाडकन मिटलं.

दिवा मंद होत होत विझला आणि भिंती श्वास घ्यायला लागल्या. फळ्या कुरकुरत जवळ यायच्या, अंगाला लागायच्या, मागे सरायच्या. चाळीस वर्षं लाकूड कापतोय मी. कापलेलं लाकूड मेलेलं असतं, अशी माझी समजूत. इथे ते जिवंत होतं आणि मी त्याच्या पोटात होतो. जमीन कलतेय की मीच कलतोय, कळेना. हात भिंतीला टेकले, तर भिंतच मला सावकाश पुढे नेऊ लागली, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तशी. मी घाबरलो. तरी तिथून बाहेर पडावंसं वाटेना.

बाहेर लेक उभी होती.

"काय दुरुस्त केलंत?"

"तिसऱ्या खोलीच्या दाराला पाचर मारली. मग काढली."

ती माझ्या गुडघ्यांना लागलेल्या भुशाकडे बघत राहिली.

"घाबरलो मी आत," मी म्हणालो. "पोरी, सात जन्म घेतले तरी माझ्या हातून असं काही झालं नसतं."

तिचे डोळे भरले. आवाज मात्र कामाचाच होता.

"ते दार जरा जोरात मिटतंय. दोन दिवस झटतेय, जमत नाहीये. बघता का?"

दोष कुठल्या बिजागरीत आहे, ते दार धाडकन मिटलं तेव्हाच मला कळलं होतं. जिभेवर आलेलं गिळलं.

"आधी तू सांग," मी म्हणालो. "तुला ते कसं मिटायला हवंय?"