चेनच्या बाजूचा स्पेसर

मित्रांनो, मोटारसायकल तुम्ही रोज पाहता, पण मला कधी पाहिलं नसेल. मागच्या चाकाला लागून, त्याच्या दांड्यावर ओवलेली एक जाड पोलादी कडी असते. चाकाने जागा सोडू नये, एवढंच तिचं काम. तिला स्पेसर म्हणतात. मी असाच एक जुना स्पेसर आहे. माझी जाडी एकवीस मिलिमीटर. पलीकडच्या बाजूला बसणारा माझा भाऊ सतराचा. जन्मापासून आमच्याकडे कुणी सरळ नजरेने पाहिलं असेल, तर देवाची शपथ!

आमची गाडी ताईची. ताई नर्स. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती जखमा धुते, पट्ट्या बदलते. चढावरच्या दगडांनी तिच्या गाडीचं मागचं चाक वाकलं, तेव्हा तिच्या धाकट्या भावाने दुसऱ्याच गाडीचं रुंद चाक आणून बसवायला घेतलं. त्याला गल्लीत सगळे 'शास्त्रज्ञ' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. चाक आलं, पण दोन्ही बाजूंना फट राहिली. तयार स्पेसर एकाही दुकानात मिळेना. म्हणून तो लेथ यंत्रावर लोखंड कातणाऱ्या काकांकडे गेला.

"काका, सळई नवी आहे ना? का भंगारातली?"

"भंगारातलीच. छपाईच्या जुन्या यंत्राचा दांडा आहे. तुझ्या-माझ्यापेक्षा प्रामाणिक पोलाद."

"असं सगळेच म्हणतात."

"मग चावून बघ," काका म्हणाले. "आणि माप कशाने घेतलंस?"

"पट्टीने."

"पट्टीने कापड मोजतात रे. गाडी घेऊन ये इथे."

काकांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. त्यांनी गाडी आणवली, व्हर्नियर या बारीक मापकाने फट तीनदा मोजली आणि मग मला लेथवर चढवलं. पात्याखाली माझी साल निघत होती, दूधपाणी मिसळल्यासारखं तेल अंगावर गळत होतं आणि काका कसलीशी ओवी गुणगुणत होते. शेवटी त्यांनी माझ्या भोकाच्या आतली तीक्ष्ण कड कानसीने घासत, पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत गुळगुळीत केली. मग पंच नावाची टोकदार पोलादी खुंटी ठोकून माझ्यावर एक ठिपका उमटवला आणि भावावर दोन.

"एक ठिपका चेनच्या बाजूला, दोन ब्रेकच्या. एवढं लक्षात ठेव."

शास्त्रज्ञाने मान डोलावली. पण घरी गेल्यावर त्याला आमचं रूप पटेना. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि आम्हाला आरशासारखं होईपर्यंत घासलं. ठिपके गेले. मग कोणता कुठला? तो स्वतःशीच म्हणाला, "ब्रेकवर भार जास्त, म्हणजे जाड तिकडे." झालं! मी भावाच्या जागी, भाऊ माझ्या जागी. चाक चार मिलिमीटर चेनकडे सरकलं. मला कळत होतं, पण लोखंडाला तोंड कुठे असतं?

चेन कटकट वाजू लागली.

"हा आवाज कसला रे?" ताईने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नवीन आहे. बसेल हळूहळू."

"चाक बसेल का मी बसेन, खाली?"

तिसऱ्या आठवड्यात, चढावर, चेन उडाली. चाक जागच्या जागी अडकलं, ताई आडवी झाली. कोपर सोलवटलं, पट्ट्यांची पिशवी मातीत. वरच्या घरातले आजोबा दुपारपर्यंत जखम उघडी ठेवून तिची वाट पाहत राहिले.

शास्त्रज्ञाने आम्हाला खोलून हातात घेतलं आणि लगेच निकाल दिला. "वाटलंच होतं! भंगारातलं पोलाद. माप चुकवलं म्हाताऱ्याने." हे तो घरात बोलला, गल्लीत बोलला, पंक्चरवाल्याकडे बोलला. चार दिवसांत दोन गिऱ्हाइकांनी काकांकडून आपलं काम परत नेलं. ज्या हातांनी मला घडवलं त्यांच्यावर माझ्यामुळे आळ आला. सांगा बरं, मित्रांनो, यापेक्षा वाईट काय?

ताईचा मात्र कुणावरच विश्वास उरला नव्हता, काकांवर नाही आणि भावावरही नाही. तिने आम्हाला रुमालात बांधलं आणि थेट लेथपाशी जाऊन उभी राहिली.

"काका, खरं सांगा. तुमचं चुकलं का?"

काकांनी आम्हाला हातात घेतलं. व्हर्नियर लावला. एकवीस. सतरा. मग आम्हाला उजेडात धरून फिरवलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे माझे नाहीत. माझ्या कामावर ठिपका असतो. कुणाचे आणलेस?"

मित्रांनो, माझ्या जन्मदात्याने मला ओळखलं नाही! तेवढ्यात त्यांचं बोट सवयीने माझ्या भोकाच्या आत गेलं, कडेवरून फिरलं आणि थबकलं. ते हळूच म्हणाले, "नाही गं... हा माझाच. घासलाय कुणीतरी."

शास्त्रज्ञाला बोलावून आणलं.

"चकाकी यावी म्हणून..." तो पुटपुटला.

"आणि जाड कुठे बसवलास?"

"ब्रेककडे. भार जास्त म्हणून..."

"भार!" ताई म्हणाली. "जिथे जिथे काकांबद्दल बोललास, तिथे तिथे जा आणि खरं काय ते सांग. आत्ता. आणि पायी जा."

तो गेला. पंक्चरवाल्यापुढे उभं राहून सगळं बोलला, आणि बोलताना कानापर्यंत लाल झाला. त्या दोन गिऱ्हाइकांच्या दारातही गेला. त्यांतला एक दुसऱ्याच दिवशी काम घेऊन काकांकडे परतला. दुसरा म्हणाला, "बघू." तो अजून बघतोच आहे.

काकांनी आम्हाला योग्य जागी बसवलं. आता मी गंजलो आहे, पण चाक कधी हललं नाही. ताई रोज निघण्यापूर्वी उकिडवी बसते, नट चाचपते, चेन बोटाने दाबून पाहते. तिला आजही शंका असते, आणि मला ती आवडते, कारण ती शंका कुणावर बोट ठेवत नाही, हात काळे करून तपासते.

म्हणून, मित्रांनो, एक विनवणी. एखादी वस्तू बिघडली तर खाली बसा, पाहा, मोजा, आणि आधी आपल्या हातून काय झालं ते आठवा. दुसऱ्याचं नाव घेण्याची घाई करू नका. मला घासून पुन्हा उजळ करता येतं. काकांचं ते दुसरं गिऱ्हाईक मात्र रोज त्यांच्या दारावरून जातं, आणि आत पाहत नाही.