सहकर्जदार

सल्लागाराने आकडेमोडीचा कागद फिरवून टेबलावरून पुढे सरकवला आणि एका आकड्याखाली पेनने दोनदा रेघ ओढली.

"काका, अडचण इथे आहे. तुमचं वय."

चष्मेवाल्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासून दिल्या होत्या. आता त्यांना स्वतःलाच बारीक अक्षर लागत नव्हतं.

"एकाहत्तर. ते मला ठाऊक आहे."

"तुमच्या एकट्याच्या नावावर पंधरा वर्षांचं कर्ज कुठलीच बँक देणार नाही."

"जागा चांगली आहे," चष्मेवाले बोलतच राहिले, जणू त्यांनी ऐकलंच नव्हतं. "तळमजला. हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. नर्सबायांना जवळ जागा लागतेच. एक गेली की दुसरी येईल. नऊ जागा पालथ्या घातल्या मी. प्रत्येक ठिकाणी नळ सोडून पाहिला, भिंतीला हात लावून पाहिला. ओल नसलेली ही एवढीच निघाली."

शेजारच्या खुर्चीत त्यांची मुलगी मांडीवर पर्स धरून बसली होती. चव्वेचाळीस वर्षांची, सरकारी कचेरीत नोकरीला. "तुला आकडे कळतात, नुसती सोबत चल," असं म्हणून त्यांनी तिला अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला लावली होती. तिचा भाऊ बाहेरच्या खोलीत होता. अडतिशीचा झाला तरी घरात तो सोन्याच होता. त्याची दाढी वडील करत, शर्टाची बटणं वडील लावत. आई होती तोवर ही कामं दोघांत वाटलेली होती.

"सगळं त्याच्यासाठी चाललंय," दाराकडे मान वळवत चष्मेवाले म्हणाले. "अशांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था आहे. महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचे. भाड्यात भागेल तेवढं."

"भाडं पंधरा वर्षं हप्त्यांतच जाईल, काका. वर तुम्हालाच थोडी पदरमोड करावी लागेल. आणि तोवर तुम्ही..." सल्लागाराने पेनाला टोपण लावलं, परत काढलं.

"तोवर मी नसेन. पण कर्जाला विमा असतो म्हणे. माणूस गेला की कर्ज फिटतं. मग जेवढ्या लवकर..."

"या वयात तो विमाही मिळत नाही."

लवकर जाण्याचा हा हिशेब त्यांनी आजवर कुणालाच सांगितला नव्हता. मुलीने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. ते टेबलाच्या काचेकडे बघत राहिले.

"आणि विमा मिळाला असता तरी," सल्लागार आवाज मऊ करत म्हणाला, "भाडं वसूल कोण करणार? उद्या पाइप फुटला, भाडेकरूने घर सोडायला नकार दिला, तर धावणार कोण? जागेच्या मागे माणूस लागतं."

"आहे की ही."

घराला भिंती आहेत, असं सांगावं तसं ते म्हणाले. सल्लागार मुलीकडे वळला.

"ताई, तुम्ही सहकर्जदार झालात तर मात्र जमू शकेल. तुमचा पगार धरता येईल. तुमच्या नावावर दुसरं कर्ज नाही ना?"

तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"आहे."

"कसलं गं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"घराचं. दोन वर्षं झाली, बाबा."

सल्लागाराचा चेहरा खुलला. "म्हणजे तुम्हीही भाड्याने द्यायला घेतलंय?"

"नाही. राहायला." मग ती वडिलांकडे न बघता म्हणाली, "बदली मागितली आहे. इथून रात्रभराच्या प्रवासावर. या महिन्यात ऑर्डर निघेल."

बाहेर फोन वाजला आणि थांबला.

"केवढी जागा आहे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"एक खोली आणि स्वयंपाकघर."

"दोन खोल्यांची बघायची होतीस. तुझ्या पगारात बसली असती."

"मिळत होती दोन खोल्यांची." तिचा आवाज फार खाली गेला. "मीच नको म्हटलं."

सल्लागार उगाच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागला. चष्मेवाल्यांनी आकड्यांच्या कागदाची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली. ती खिशात जाईना, तेव्हा हातातच ठेवली.

"उजेड येतो?"

"सकाळचा येतो."

"ओल नाही ना?"

"नाही."

"मग बरं केलंस," ते म्हणाले. ते मनापासूनच म्हणाले होते आणि तिला ते कळलं. तिने तोंड पर्सकडे वळवलं.

सल्लागाराने ड्रॉवर बंद केला. "काका, स्पष्ट सांगतो. ही जागा घेऊ नका. साठवलेले पैसे बँकेच्या ठेवीतच राहू द्या."

"आणि त्याचं?"

"त्यावर सल्ला द्यायला माझ्याजवळ काही नाही."

त्याने फी घेतली नाही. चष्मेवाल्यांना बाकी कशाहीपेक्षा तेच जास्त लागलं.

बाहेरच्या खोलीत सोन्या बाकाच्या मधोमध बसला होता. त्यांना पाहताच त्याने विचारलं, "घेतलं घर?"

"घेतलं."

"बाबा..." मुलगी म्हणाली.

"माझं?"

"तुझंच."

सोन्याने हात वर धरून बोटं मोजली. "मी. बाबा. ताई." तीन बोटं झाली. त्याने ती पुन्हा एकदा मोजली, हिशेब बरोबर आला, आणि खुशीत तो बाकाच्या एका टोकाला सरकला. चष्मेवाले त्याच्याजवळ टेकले. पलीकडे आणखी एका माणसापुरती जागा उरली होती. सोन्याने वडिलांवरून ओणवा होत ती तळहाताने नीट पुसली आणि वर पाहिलं.

मुलगी दाराशी उभीच होती.